एका वहीभोवती चार शिक्षक : सीमाभागातील मराठी अध्यापन आणि सहकार्याची सवय

‘पुस्तक फाटली म्हणून आई रागावली. बाबा वावरात जाऊन राहिले होते.’

सातवीतल्या एका मुलीने निबंधात लिहिलेली ही दोन वाक्ये. ‘फाटली’भोवती लाल वर्तुळ आणि ‘जाऊन राहिले’भोवतीही लाल वर्तुळ. वही घेऊन आलेले शिक्षक आमच्या सावरगावचेच. जवळच्या एका गावातील माध्यमिक शाळेत ते मराठी शिकवतात. माझ्या ओसरीवर बसून त्यांनी विचारले, “सर, दोन्ही चुकाच ना?” मी सत्तावीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे, वाङ्मयात पीएच. डी. केली आहे. वहीकडे नीट न पाहताच मी म्हणालो, “चुकाच.”

ते उत्तर अर्धे चुकीचे होते. हे मला उमगले तीन आठवड्यांनी, तीच वही चार शिक्षकांच्या मध्ये उघडून ठेवली तेव्हा. शिक्षकाची वाढ कशाने होते, हा प्रश्न मी आजवर प्रशिक्षणवर्ग, परिपत्रके आणि पदव्या यांच्या संदर्भात विचारत आलो. त्या वहीने तो निराळ्या रीतीने विचारायला लावला. प्रस्तुत लेख त्याविषयी आहे.

एकट्याचा विषय

पांढुर्णा आणि सावरगाव ही जाम नदीच्या दोन काठांवरची गावे. बाहेरच्यांना ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे ठाऊक असतात. उरलेले वर्ष इथे संत्र्याचा बहार, कपाशीचा भाव आणि मुलांच्या शाळा यांतच जाते. घरात मराठी, बाजारात दोन्ही भाषा, शाळेत आणि कचेरीत बहुतेक हिंदी, असा आमचा दिवस असतो.

या स्थितीमागे इतिहास आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नागपूर ही मध्य प्रदेशाचीच राजधानी होती आणि हिंदीबरोबर मराठी ही त्या राज्याची राजभाषा होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला आणि त्याच्याबरोबर सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी बोलणारा पट्टाही राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, परंतु भाषेचे चित्र तेच आहे. शासकीय शब्दसुद्धा आमच्या कानांना कधी फसवतात. शाळांच्या समूहासाठी असलेल्या केंद्राचे नाव ‘जनशिक्षा केंद्र’. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठी आजीला वाटते, नातवाला दंड करायला नेले की काय!

अशा प्रदेशात मराठीचा शिक्षक बहुधा शाळेत एकटा असतो. माझ्या ओळखीच्या शाळांमध्ये मराठीच्या तासिका सांभाळून तो सामाजिक शास्त्रही शिकवतो, कधी हिंदीही. गणिताच्या शिक्षकाला दुसरा गणिताचा शिक्षक गाठता येतो. मराठीच्या शिक्षकाला ‘हे वाक्य चूक की बरोबर’ एवढे विचारायलाही शेजारी कोणी नसते.

त्यातून एक विचित्र गोष्ट घडते. बी. एड. करताना आपण सराव पाठ देतो. मागच्या बाकावर आपलेच सहाध्यायी निरीक्षण वही घेऊन बसतात, पाठ संपल्यावर दोन बऱ्या-वाईट गोष्टी सांगतात. नोकरी लागली की हे थांबते. त्यानंतर वर्गात बाहेरचा माणूस येतो तो तपासणीसाठी. टाचणवही पाहतो, हजेरीपटावर सही करतो, निघून जातो. आपला पाठ आपल्याला मदत करण्यासाठी कोणी पाहिला, असा प्रसंग पुढच्या तीस वर्षांत येतच नाही. आम्हा महाविद्यालयीन प्राध्यापकांचे तर विचारूच नका. माझ्या वर्गात सत्तावीस वर्षांत माझा एकही सहकारी येऊन बसला नव्हता आणि मीही कोणाच्या वर्गात गेलो नव्हतो.

आंतरराष्ट्रीय शाळेतली एक तासिका

वहीचा प्रसंग घडला त्याच सुमारास माझी एक जुनी विद्यार्थिनी दिवाळीला माहेरी पांढुर्ण्याला आली होती. ती पुण्याजवळच्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत मराठी शिकवते. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी अनिवार्य झाली आणि अशा शाळांतही मराठीच्या शिक्षकांची गरज वाढली. मी तिला सहज वही दाखवली. ती म्हणाली, “सर, आमच्याकडे वही अशी एकट्याने तपासून संपत नाही.”

तिने सांगितले ते असे. आठवड्यातून एक तासिका वेळापत्रकातच राखून ठेवलेली असते. त्या तासिकेत भाषा शिकवणारे सगळे शिक्षक एकत्र बसतात. पुढचा घटक कसा शिकवायचा ते मिळून ठरवतात आणि मुलांचे लेखन मध्ये ठेवून त्यावर बोलतात. इंटरनॅशनल बॅकलोरिएट ही जिनिव्हात १९६८ साली स्थापन झालेली संस्था आपल्या शाळांकडून असे एकत्रित नियोजन अपेक्षितच धरते. भारतात तिचा अभ्यासक्रम १९७६ पासून आहे, त्याची सुरुवात कोडाईकनालच्या शाळेने केली. शाळेतल्या शाळेत गुण द्यायचे असतील आणि विषय एकाहून अधिक शिक्षक शिकवत असतील, तर त्यांनी आधी गुणदानाचा मेळ घालावा, असाही तिचा नियम आहे. म्हणजे तीच उत्तरपत्रिका सगळ्यांनी स्वतंत्रपणे तपासायची, गुण शेजारी शेजारी मांडायचे आणि फरक का पडला यावर चर्चा करायची.

मी विचारले, “पण मराठीची तू तिथेही एकटीच ना?” ती हसली. “एकटीच. पण फ्रेंच शिकवणाऱ्या बाईंबरोबर बसते.” त्यांच्या बैठकीत एकदा लिंगाचा प्रश्न निघाला. फ्रेंचमध्ये नामांची दोन लिंगे आहेत आणि ती मुलांना लक्षात ठेवावीच लागतात. त्यामुळे फ्रेंच बाई कोणताही शब्द सुटा शिकवत नाहीत, त्याच्या पुढचा ‘ल’ किंवा ‘ला’ जोडूनच शिकवतात. हे ऐकून माझ्या विद्यार्थिनीने मराठीचा शब्द ‘पुस्तक’ असा सुटा फळ्यावर लिहिणे बंद केले आणि ‘ते पुस्तक, तो आवाज, ती व्यक्ती’ असे लिहू लागली.

व्याकरणाचे तास मीही घेतो, पण इतकी साधी युक्ती मला सुचली नव्हती. तिलाही ती फ्रेंचच्या शिक्षिकेकडून मिळाली होती. आपल्या विषयाचा माणूस जवळ नसला तरी आपला प्रश्न असलेला माणूस शाळेत असू शकतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

या शाळांचे गुणगान गाण्याचा माझा हेतू नाही. त्यांची फी आमच्याकडच्या शेतकऱ्याच्या आवाक्यापलीकडची आहे आणि ती राखून ठेवलेली तासिका त्या फीतूनच विकत घेतलेली असते. तिथले कितीतरी शिक्षक दोन-दोन वर्षांच्या करारावर असतात, जम बसतो न बसतो तोच गाव सोडतात. आमचे गुरुजी एका शाळेत बारा-पंधरा वर्षे काढतात, मुलांच्या बापांनाही त्यांनी शिकवलेले असते. टिकाऊपणा आमच्याकडे आहे आणि सवय त्यांच्याकडे. त्यांच्याकडून घ्यायची ती तेवढीच.

हे आपल्याला नवे नाही

ही सवय परदेशी आहे असेही नव्हे. जपानमध्ये ‘जुग्यो केन्क्यू’, म्हणजे पाठाचा अभ्यास, ही पद्धत शंभराहून अधिक वर्षांची आहे. काही शिक्षक मिळून एक पाठ रचतात. त्यांतला एक तो वर्गात शिकवतो. बाकीचे शिकवणाऱ्याकडे न पाहता मुलांकडे पाहतात आणि मग पाठ पुन्हा रचला जातो.

आपल्या देशात कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात ‘शाळा संकुल’ सुचवले होते. एक माध्यमिक शाळा आणि तिच्या आसपासच्या प्राथमिक शाळा यांनी एकमेकींच्या आधाराने काम करावे, शिक्षकांचा एकटेपणा मोडावा, अशी ती कल्पना. या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातील जे. पी. नाईक. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीच सूचना पुन्हा केली आणि प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक वाढीसाठी द्यावेत असेही म्हटले. मधली चोपन्न वर्षे कशी गेली याचा हिशेब प्रत्येक शिक्षकाने आपल्यापुरता करून पाहावा.

याहून जवळचे उदाहरण आमच्याच लोहमार्गावर आहे. पांढुर्ण्याहून इटारसीच्या गाडीत बसावे, तिथून पुढचे मोठे स्थानक होशंगाबाद, आजचे नर्मदापुरम. त्या जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी शासनाच्या सोळा माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ने तो पुढे चालवला. मुले स्वतः प्रयोग करत, हे तर त्याचे वैशिष्ट्य होतेच. शिक्षकांच्या मासिक गोष्ठी हे मला त्याहून महत्त्वाचे वाटते. पाठ्यपुस्तकातला प्रयोग वर्गात फसला तर शिक्षक ते गोष्ठीत सांगत. त्या अनुभवांवरून ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तके सुधारली जात. शिक्षकांतूनच पुढे इतर शिक्षकांचे प्रशिक्षक तयार झाले. २००२ साली शासनाने कार्यक्रम थांबवला. तोपर्यंत तीस वर्षे साध्या सरकारी शाळांतल्या शिक्षकांनी हे करून दाखवले होते.

आणखी एक नाव इथे घ्यावेसे वाटते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचे ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. बातम्यांत औदार्याची चर्चा पुष्कळ झाली. मला त्यात शिक्षकी पेशाची एक समज दिसते, ती अशी की चांगले शिकवणे एकट्याच्या नावावर जमा होत नसते.

ओसरीवरच्या बैठका

विद्यार्थिनी परत गेली आणि मी आसपासच्या तीन शिक्षकांना निरोप धाडला. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर माझ्याकडे यावे, चहा माझ्याकडे, येताना मुलांच्या वह्या आणाव्यात. एक तो वही आणणारा तरुण शिक्षक, एक प्राथमिक शाळेच्या बाई आणि एक निवृत्तीला आलेले गुरुजी. चौथा मी.

पहिली बैठक वाया गेली. तासभर आम्ही तक्रारी केल्या. पुस्तके वेळेवर येत नाहीत, दुसरी कामे फार, पालकांना मराठीचे काय. सगळे खरे होते आणि सगळे आधीच ठाऊक होते. उठताना बाई म्हणाल्या, “हे बोलायला मी घरचं काम टाकून येणार नाही, सर.” त्यांचे बरोबर होते.

दुसऱ्या बैठकीत मी वही मध्ये ठेवली. निबंधाच्या चार प्रती काढल्या होत्या. आंतरराष्ट्रीय शाळांची ती रीत वापरून प्रत्येकाने वेगळे बसून दहांपैकी गुण दिले. तरुण शिक्षकाचे चार, माझे पाच, बाईंचे सात, गुरुजींचे आठ. एकाच मुलीचा एकच निबंध, आणि तो कोणाच्या वर्गात लिहिला यावर ती हुशार की कच्ची हे ठरणार होते! आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो.

मग गुरुजी बोलले. “ ‘फाटली’ हे हिंदीतून आलं. तिकडे पुस्तक स्त्रीलिंगी. पण ‘जाऊन राहिले’ हे हिंदीचं नाही, ते तिच्या आईचं आहे. तुम्ही दोन्हींवर एकच लाल शाई कशी वापरली?”

माझ्या अर्ध्या चुकीच्या उत्तराचा उलगडा तिथे झाला. ‘जाऊन राहिले होते’ म्हणजे ‘जात होते’. वऱ्हाड-नागपूरकडच्या बोलीचा हा नियमित क्रियाप्रयोग आहे. सीमेपलीकडे वरूड-काटोलला गेलात तरी हेच ऐकाल. मुलगी तो अचूक वापरत होती. प्रमाण मराठीचा वाचक मात्र त्याचा अर्थ ‘बाबा वावरात गेले आणि तिथेच मुक्कामाला राहिले’ असा घेईल. म्हणून तिला प्रमाण रूप शिकवायला हवे, पण ‘हे चूक’ म्हणून नव्हे. ‘हे घरचे आणि हे लिहिण्याचे’ असे म्हणून. ‘पुस्तक फाटली’ची गोष्ट निराळी. हिंदीत नपुंसकलिंग नाही आणि हिंदी माध्यमात वाढणाऱ्या आमच्या मुलांच्या मराठीतून पहिल्यांदा निसटते ते नपुंसकलिंगच. आम्ही दोन्हींना सारखेच लाल करत आलो. त्यातून मुलीला कळणार ते एवढेच, की आपल्या आईचे बोलणे अशुद्ध आहे. ज्या भाषेत आईच अशुद्ध ठरते ती भाषा मूल कशाला सांभाळेल?

ही गोष्ट मी पुस्तकांत वाचली नव्हती असे नाही. बोलीविज्ञानाचा पेपर मी शिकवतो. पण वर्गातले ज्ञान आणि हातातली लाल शाई यांची भेट सत्तावीस वर्षांत झाली नव्हती. ती घडवायला समोर दुसरा शिक्षक बसावा लागला.

बाईंनी तरीही शंका काढली. “घरी तरी ‘पुस्तक फाटलं’ म्हणतात हे कशावरून?” आम्ही गप्प. त्यांनी आपल्या मुलांना गृहपाठ दिला की आजीला विचारून या. पुढच्या बैठकीत त्यांनी उत्तरे आणली. काही आज्या ‘फाटलं’ म्हणाल्या, काही ‘फाटली’. म्हणजे सीमारेषा आम्ही समजलो तितकी स्वच्छ नव्हती. यावर आमचे एकमत आजही नाही. गुरुजी म्हणतात, बोलीत ‘फाटली’ रुजत असेल तर तीही घरचीच. मी म्हणतो, लिंग गेले की विशेषण, क्रियापद, सर्वनाम सगळीच घडी विस्कटते, म्हणून तिथे आग्रह धरलाच पाहिजे. वाद चालू आहे. मात्र लिहिताना ‘ते पुस्तक’ शिकवायचे, यावर सगळे एक आहेत.

चौथ्या वेळी आम्ही बाईंच्या वर्गात गेलो. मुख्याध्यापकांची परवानगी काढली होती. पाठ चौघांनी मिळून रचला होता. फळ्यावर ‘तो, ती, ते’ अशी तीन घरे आणि मुलांनी आपल्या घरातल्या वस्तू योग्य घरात लिहायच्या. आम्ही मागे बसून मुले पाहत होतो. पाठ छान चालला आहे असे बाईंना वाटत होते आणि तसा तो पुढच्या बाकांवर चाललाही होता. खिडकीजवळचा एक मुलगा मात्र प्रत्येक वस्तू शेजाऱ्याचे पाहून लिहीत होता. पुढून ते दिसणे शक्य नव्हते. हे सांगताना आम्हालाच अवघडल्यासारखे झाले. बाई क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “आता सरांचा वर्ग पाहू.” तर माझ्या बी. ए. च्या वर्गात तीन शाळाशिक्षक येऊन बसले. नंतर गुरुजींनी हळूच सांगितले, “सर, तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता.” त्या रात्री मला झोप लागली नाही. आता प्रश्न विचारल्यावर मी मनात दहा अंक मोजतो.

काय हाती लागले

कोणी असा गट सुरू करणार असेल तर आमच्या चुकांवरून चार गोष्टी सांगतो. एक, मध्ये मुलाचे लेखन किंवा पाठ असावा. विषय ‘शिक्षणाची स्थिती’ असा मोठा ठेवला की बैठक तक्रारींत बुडते. दोन, गुण आधी एकट्याने द्यावेत आणि चर्चा नंतर व्हावी. ज्येष्ठाने आधी तोंड उघडले की बाकीचे मान डोलावतात. आमच्यात तो ज्येष्ठ मीच होतो. तीन, निरीक्षण मुलांचे करावे. शिक्षकावर शेरा मारला की दार पुन्हा बंद होते. चार, लिहून ठेवावे. माणसे बदलतात, बदल्या होतात, वही राहते. पाचवीही एक गोष्ट आहे, वरिष्ठांना अहवाल देण्यासाठी हे करू नये. त्याची तपासणी झाली की ते पुन्हा तपासणीच होते.

लिहून ठेवण्याचे मोल आम्हाला गुरुजींमुळे कळले. सहाव्या बैठकीला ते पिशवीतून जुन्या रोजनिश्या घेऊन आले. मुलांनी घरून वर्गात आणलेला प्रत्येक नवा शब्द ते नोकरीच्या पहिल्या वर्षापासून टिपत आले होते. पऱ्हाटी, तुराटी, धुरा, वखर, डवरा. शब्दापुढे मुलाचे गाव आणि साल. यातले काही शब्द आता मुले आणत नाहीत, कारण वखराच्या जागी ट्रॅक्टर आला. या रोजनिश्यांविषयी त्यांनी कोणाला कधी सांगितले नव्हते. का, असे विचारले तर म्हणाले, “कोणी विचारलं नाही.”

गुरुजी पुढच्या वर्षी निवृत्त होतील. त्यांच्या जागी मराठीचाच शिक्षक येईल का, हे आमच्या हातात नाही. त्यांच्याकडचे जे आहे ते त्यांच्याबरोबर घरी जाऊन पेटीत पडेल की नाही, एवढे मात्र आमच्या हातात आहे. तरुण शिक्षक सध्या दर शनिवारी एक रोजनिशी उतरवून घेतो. सातवी रोजनिशी चालू आहे.

ती निबंधाची वही मुलीला परत केली तेव्हा त्याने ‘फाटली’खाली पेन्सिलीने ‘ते पुस्तक’ असे लिहिले. ‘जाऊन राहिले’भोवतीचे लाल वर्तुळ खोडता येत नव्हते. त्याच्या शेजारी त्याने लिहिले : ‘हे घरी बरोबर. निबंधात : जात होते.’ मुलीने वाचले आणि विचारले, “मंग सर, माह्या आईचं चुकीचं नाही ना?”

त्याने मला हे सांगितले तेव्हा मी प्रश्न विचारून उत्तर देणारा माणूस असूनही काही बोललो नाही. पुढच्या शनिवारच्या बैठकीत चौघांसमोर ठेवायला तो प्रश्न मी टिपून घेतला.